वाढदिवसाची पायरी

त्या दिवशी सकाळी ताईने मला दारातच अडवलं आणि म्हणाली, "आज तुझ्या तोंडाला कुलूप. दुपारपर्यंत किल्ली माझ्याकडे."

"ताई, मी काय लहान आहे का?"

"लहान असतास तर बोळा कोंबला असता. पन्नाशीला आलास म्हणून नुसतं सांगतेय."

ताईचंही चूक नव्हतं. मी शहर दाखवणाऱ्या बसवरचा गाईड. दुमजली बस, वरचा मजला उघडा, चाळीस माणसं आणि माईक माझ्या हातात. बावीस वर्षं हेच करतोय. उचलली जीभ लावली टाळ्याला, यालाच आमच्या धंद्यात अनुभव म्हणतात. पण त्या दिवशी माईक माझ्या हातात नव्हता. तो ताईच्या लेकीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या हातात होता. हिला आम्ही लहानपणापासून भिंगरी म्हणतो. एका जागी पाय ठरला तर शपथ. आणि त्या दिवशी भिंगरीची गाईडच्या लायसनची परीक्षा होती. तिसरी आणि शेवटची. तीनदा नापास झालं की पुढची पाच वर्षं अर्जसुद्धा घेत नाहीत. तोपर्यंत ती डेपोतल्या तिकिटाच्या खिडकीत बसणार आणि ज्या शहराची तिकिटं फाडायची ते काचेतून बघणार.

आमची परीक्षा मोठी गमतीची असते. परीक्षक साधं तिकीट काढून प्रवाशांत बसतो. कोण ते कुणालाच माहीत नसतं. नवा गाईड बस फिरवतो, सोबतीला एक जुना गाईड असतो, पण त्याने तोंड शिवून बसायचं. उमेदवाराला एक शब्द सुचवला, नुसती मान हलवली, तरी खेळ खलास. आणि डेपोच्या साहेबांनी जुना गाईड म्हणून नेमलं कुणाला, तर मला. दुसरा कुणी मोकळा नव्हता.

पहिल्या परीक्षेला भिंगरीचा आवाजच बसला होता. दुसऱ्या वेळी तिने परीक्षकाचीच चूक काढली. तो म्हणाला पूल अमुक साली झाला, ही म्हणाली नाही, त्याच्या पुढच्या साली. बरोबर हीच होती, पण नापासही हीच झाली. पोरीला खरं बोलायचा आजार आहे. आमच्या घराण्यात हा कुणालाच नव्हता, कुठून आला देव जाणे.

साडेनऊला डेपोत माणसं चढायला लागली, तेव्हाच मी परीक्षक हेरला. टाय. मला सांगा, ऐन उन्हात, सुट्टीत शहर बघायला आलेला माणूस टाय लावेल का? बूट चकचकीत, खिशाला दोन पेनं, हातात वही. वहीत काहीतरी यादी, आणि तो यादीकडे बघून मान डोलावत होता. मी मनात म्हटलं, बाबा, सापडलास.

फेरी सुरू व्हायच्या आधी बोलायला मला मोकळीक होती. वरच्या मजल्यावर अगदी पुढची, सगळ्यांत झकास सीट छत्रीवाल्या एका बाईंनी अडवली होती. साठीच्या असतील. गुडघ्याला पट्टा, मांडीवर भली मोठी पिशवी. मी अदबीने म्हटलं, "बाई, इथे ऊन फार लागतं. मागे बसा, मागून शहर जास्त दिसतं."

"मागून?"

"जाणकार लोक मागेच बसतात."

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, छत्री उचलली आणि मागे गेल्या. टायवाल्याला मी हात धरून पुढे आणला, सीट पुसली, पाण्याची बाटली दिली. तो इतका ओशाळला की दोनदा थँक्यू म्हणाला. मग मी भिंगरीच्या कानाला लागलो. "तो टायवाला. त्याच्याकडे बघून बोल."

"मामा, मला नको सांगूस ना. मी सगळ्यांकडेच बघून बोलणार आहे."

"बघ सगळ्यांकडे, पण त्याच्याकडे जरा जास्त."

साहेबांनी शिट्टी वाजवली. बस हलली. माझं तोंड मिटलं.

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षांत मी ही फेरी किती हजार वेळा केली असेल, पण ऐकली कधीच नव्हती. भिंगरी साल-तारखा पाठ म्हणेल अशी माझी भीती होती. पण ही पोरगी बोलत होती ती गल्लीतल्या मैत्रिणीला खिडकीतून हाक मारावी तशी. "उजवीकडे बघा, पिवळी इमारत. तिसऱ्या मजल्यावर उजवीकडून चौथी खिडकी. दिसली? ती खिडकी नाहीच. रंगाने काढलीय. आत जिना आहे, पण बाहेरून बघायला बरं दिसावं म्हणून चितारलीय. आता मला अशा अजून दोन शोधून द्या." झालं, चाळीस माणसं माना वळवून खोट्या खिडक्या शोधायला लागली. एक आजोबा तर उभेच राहिले. मी ते घर बावीस वर्षं राजाच्या मेहुणीचं म्हणून सांगत आलो होतो.

मत्स्यालयाजवळ ती म्हणाली, "आत जाल तेव्हा मोठ्या माशांकडे सगळे बघतात. तुम्ही कोपऱ्यातल्या छोट्या टाकीकडे जा आणि काचेला नाक लावून विसापर्यंत मोजा." लोक गेले, नाकं लावली, आणि वाळूतून एकदम चपट्या माशाचे दोन डोळे वर आल्यावर जी किंकाळी उठली ती मला बाहेर बसपर्यंत ऐकू आली. टायवाला हसत हसत बाहेर आला आणि वहीत खूण केली. माझ्या छातीत ढोल वाजायला लागले. एक मार्क मिळाला, म्हटलं.

पुलावर तर नशिबानेच साथ दिली. आमच्या नदीवरचा पूल मोठं जहाज आलं की मधून उघडतो. आठवड्यातून एखाद्या वेळी होतं, वेळ सांगता येत नाही. बस पुलाच्या तोंडाशी आली आणि लाल दिवा लागला. ड्रायव्हरने कपाळाला हात लावला, कारण आता वीस मिनिटं गेली. मी असतो तर सीटवर बसवूनच दोन विनोद सांगितले असते. भिंगरीने माईक ठेवला आणि ओरडली, "सगळे खाली. कठड्यापाशी. पळा." आणि स्वतः पुढे पळाली. चाळीस माणसं तिच्यामागे. रस्ता डोळ्यांसमोर दुभंगून उभा राहिला, दिव्याच्या खांबांसकट, आणि मधून जहाज गेलं ते इतकं जवळून की वरच्या खलाशाने एका आजींना हात केला, आजींनी रुमाल हलवला. भिंगरी सगळ्यांना सांगत होती, "पायाखाली बघा, कठड्याला हात लावा, थरथरतोय ना? खाली पूल उचलणाऱ्या मोटारी चालल्यात त्या." टायवाल्याचा टाय वाऱ्याने खांद्यावर गेला होता आणि त्याचं भान त्याला नव्हतं. मीही कठड्याला हात लावून बघितला. थरथरत होता, खरंच.

एव्हाना मला वाटायला लागलं की पोरगी बाजी मारणार. उरलं होतं एकच ठिकाण. घड्याळाचा मनोरा.

मनोऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. शहरात येऊन मनोरा बघितला नाही तर घरी गेल्यावर लोक विचारतात, मग बघितलं काय? त्यात तीनशे पासष्ट पायऱ्या आहेत, वर्षाच्या दिवसांइतक्या. आमच्या परीक्षेच्या पुस्तकात तसं छापलंय, दारावरच्या पाटीवर तसंच लिहिलंय, तिथे विकतात त्या बनियनवर तोच आकडा आहे. आणि लोकांनी त्यावरून एक खूळ काढलंय. आपल्या वाढदिवसाची पायरी शोधायची. एक जानेवारीचा माणूस पहिल्या पायरीवर फोटो काढतो आणि खुशाल घरी जातो. मार्चवाले थोडे धापा टाकतात. डिसेंबरवाल्यांना पार वर जावं लागतं.

बस मनोऱ्यासमोर थांबली आणि टायवाला उठून उभा राहिला. "मॅडम, एक विचारू? माझ्या बायकोचा वाढदिवस तेवीस डिसेंबर. मी हिशोब केलाय, तीनशे सत्तावन्नावी पायरी येते. तिला तिथून फोटो पाठवायचाय. वरून किती पायऱ्या खाली, हे सांगाल?"

मी सीटवर सावरून बसलो. हा परीक्षेचा प्रश्न. किती सोपा दिला. पासष्टमधून सत्तावन्न वजा कर, आठ म्हण, मोकळी हो.

भिंगरीने वर मनोऱ्याकडे बघितलं. मग तिने माईक तोंडाशी नेला.

"तशी पायरी नाही."

"म्हणजे?"

"तीनशे बावन्नच पायऱ्या आहेत. अठरा डिसेंबरला संपतात. माझा वाढदिवस सत्तावीस डिसेंबरचा आहे. मी नऊ वर्षांची होते तेव्हा पाच वेळा चढून मोजल्यात. गेटवर सांगितलं तर म्हणाले, तू मोजताना चुकलीस. सगळ्याच डिसेंबरवाल्यांना तसंच सांगतात."

बसमध्ये एकच गलका झाला. "अहो पाटीवर लिहिलंय." "माझ्या भावाने मागच्या वर्षी मोजल्यात, तीनशे साठ तरी होत्या." "ह्या बाई नव्या दिसतात." टायवाल्याचा चेहरा इतकासा झाला. त्याने वही वर धरली. "पण माझ्या यादीत छापलंय. मोठ्या शहरात बघायची दहा ठिकाणं, त्यात सातवं. तीनशे पासष्ट."

पुन्हा तेच. पुन्हा परीक्षकाचीच चूक काढली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पोरी, हो म्हण, काय बिघडतं? पण तोंड उघडलं तर परीक्षा तिथेच संपली असती. मी दाताखाली रुमाल धरला.

भिंगरी म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. पाटीवरही ठेवू नका. चला, सगळे मिळून मोजू. ज्याचा आकडा वेगळा येईल त्याने वर हात करायचा, मग आपण भांडू." आणि उतरून चालायलाच लागली.

शाळेची सुट्टी झाल्यासारखे सगळे तिच्यामागे. दारातून आत जाताना "एक, दोन, तीन" असा गजर सुरू झाला, मनोऱ्याच्या पोटात घुमला, आणि हळूहळू वर वर जात बारीक झाला.

खाली बाकावर मी उरलो. आणि त्या छत्रीवाल्या बाई.

"गुडघे नको म्हणतात," त्या माझ्या शेजारी टेकत म्हणाल्या. "तुम्ही का नाही गेलात?"

मी तोंडावर बोट ठेवलं.

"सकाळी तर चांगले बोलत होता. मागून शहर जास्त दिसतं म्हणे. मला पुढच्या माणसाचं टक्कल तेवढं दिसलं."

मी इकडे तिकडे बघितलं. टायवाला वर गेलेला. भिंगरी वर गेलेली. ड्रायव्हर टायर बघत होता. आणि तीन तास गप्प बसलेल्या माणसाची काय गत होते ते तुम्हाला नाही कळायचं. मला जीभ सुजल्यासारखी वाटत होती.

"माफ करा बाई. परीक्षा चाललीय. माझ्या भाचीची. मला बोलायची बंदी आहे."

"मग आता बोलताय ते?"

"परीक्षक वर गेला ना. तो टायवाला. कुणाला सांगू नका."

"तो होय," बाई म्हणाल्या. "छान ओळखलंत."

"बावीस वर्षं माणसं बघतोय. बूट बघितले की माणूस कळतो."

"पण तुमची भाची चुकली हो. पुस्तकात तीनशे पासष्टच दिलंय. मी स्वतः वाचलंय."

आणि इथे मी माती खाल्ली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बावीस वर्षं पोटात दाबून ठेवलेली गोष्ट, माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी थाप, आणि ऐकायला समोर एक भली बाई. मी बाकावर सरकून जवळ गेलो.

"बाई, त्या तीनशे पासष्ट पायऱ्या मी केल्यात."

"बांधल्यात?"

"फेकल्यात. नोकरीला लागून चौथा दिवस होता. बसमधल्या एकाने विचारलं, पायऱ्या किती? मला काय माहीत? मी आजवर वर गेलेलो नाही. मी छातीठोक सांगितलं, तीनशे पासष्ट, वर्षाच्या दिवसांइतक्या, बांधणारा ज्योतिषी होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. मग बाकीचे गाईड सांगायला लागले. मग पाटी आली. मग वाढदिवसाचं खूळ आलं. अहो, माझा आकडा लोक अंगावर घालून फिरतात."

बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "आणि पुस्तकात कसा आला?"

"ते पुस्तक ज्या कुणा शहाण्याने लिहिलं असेल ना, त्याने मनोऱ्याचा उंबरा ओलांडला नसेल. बसमध्ये बसून माझं ऐकलं असेल आणि घरी जाऊन उतरवून काढलं असेल. असल्या लोकांना विद्वान म्हणायचं, आणि माझ्या भाचीला तेच पाठ करायला लावायचं."

मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. बाईही किंचित हसल्या.

"तेव्हा तुम्हाला मिशी होती ना? जाड. खाली वळलेली."

"होती की. बायकोने लग्नानंतर काढायला..."

माझं हसणं तिथेच थिजलं.

"तिसऱ्या रांगेत बसले होते मी," बाई म्हणाल्या. "पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून चढता आलं नाही. तुम्ही इतक्या खात्रीने सांगितलंत की मी लिहून घेतलं. बांधणारा ज्योतिषी होता, हेही छापलंय मी. पान एकेचाळीस. चौदा आवृत्त्या निघाल्या." त्यांनी पिशवीत हात घातला आणि परीक्षेचा कागद लावलेली पाटी बाहेर काढली. वर भिंगरीचा फोटो डकवलेला होता.

तुम्ही कधी उभ्या उभ्या घामाने न्हालाय का? मी बसल्या बसल्या न्हालो. "बाई," मी म्हटलं, "माझं काय करायचं ते करा. पोरीला नका बुडवू."

"नियम असा आहे की तुम्ही तिला मदत करायची नाही. तुम्ही तिला काहीच मदत केली नाहीत. माझी अब्रू काढलीत, त्यावर नियम नाही. आता मात्र एक अक्षर बोलू नका."

तेवढ्यात माणसं उतरायला लागली. लाल तोंडं, घामेजलेली कपाळं, आणि सगळे एकदम बोलत होते. "तीनशे एक्कावन्न." "बावन्न हो, तळातली धरली नाहीत तुम्ही." "मी दोनशेवर सोडलं, नातवाचा फोन आला." टायवाला वही नाचवत आला. "तीनशे बावन्न. दर दहा पायऱ्यांना रेघ मारलीय, ही बघा पस्तीस रेघा आणि वर दोन. मी दातांचा डॉक्टर आहे, मोजण्यात चुकत नाही. आमचं संमेलन चाललंय पलीकडच्या हॉटेलात, तिथून सटकून आलोय." म्हणजे टाय त्या संमेलनाचा. बूट बघून माणूस ओळखणं गेलं चुलीत.

शेवटी भिंगरी आली. बाई उठून उभ्या राहिल्या, छातीवर ओळखपत्र लावलं, आणि गलका एकदम थांबला. भिंगरीने पाटी बघितली, मग पाटीमागच्या बाईंकडे.

"पुस्तकात तीनशे पासष्ट आहे," बाई म्हणाल्या. "पुस्तक माझं आहे. मी मार्क पुस्तकाप्रमाणे देते. तुमचं उत्तर काय?"

भिंगरीने माझ्याकडे बघितलं. बाईंनीही माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. तिथे एक घार होती. मी त्या घारीकडे असा बघत राहिलो जसा माझा सगळा संसार तिच्या पायात लटकलाय.

"तीनशे बावन्न," भिंगरी म्हणाली. आवाज कापत होता, पण आकडा नाही.

"मी नापास करीन."

"हो. पण तीनशे बावन्नच आहेत."

"सगळी बस साक्षीला आहे," दातांचा डॉक्टर म्हणाला.

"मी यांतल्या कुणाला ओळखत नाही. एकदा ऐकीव लिहून फसलेय, आता माझे डोळे सोडून कुणावर विश्वास नाही."

"मग चला ना वर," भिंगरी म्हणाली. "मी नेते तुम्हाला."

"या गुडघ्यांनी?"

"दर बावीस पायऱ्यांना खिडकी आहे. सगळ्या मिळून सोळा. प्रत्येक खिडकीत बसू. प्रत्येकीतून निराळं दिसतं, पहिलीतून फक्त कबुतरं आणि पुढे एकेक करून सगळं शहर. नाही जमलं तर जिथवर गेलो तिथून खाली येऊ, आणि तुम्ही मला नापास करा."

बाईंनी छत्री मिटली आणि तिच्या कोपराला धरलं. दोघी आत गेल्या.

नंतरचा पाऊण तास मनोऱ्याखाली जे चाललं होतं ते मी बावीस वर्षांत बघितलं नव्हतं. पहिल्या खिडकीत छत्रीचं टोक दिसलं आणि खाली सगळे ओरडले, "बावीस." दुसरीत दिसलं, "चव्वेचाळीस." मागची बस आली, तिच्यातले लोक विचारायला उतरले आणि तेही माना वर करून उभे राहिले. आमच्या ड्रायव्हरने आधी दोनदा हॉर्न दिला, मग इंजिन बंद केलं आणि डॉक्टरशेजारी येऊन उभा राहिला. गेटवाला म्हणाला, "मीसुद्धा कधी मोजल्या नाहीत हो, मला वाटायचं लोकच चुकतात." सातव्या खिडकीत दोघींची डोकी दिसली. भिंगरी बोट लांब करून काहीतरी दाखवत होती. आठवीतही दिसली. नववीत कुणी येईना.

खाली सगळं चिडीचूप. एक मिनिट. तीन मिनिटं. "बसल्या असतील," एक आजी म्हणाल्या. "पाय गेला असेल," दुसरं कुणी म्हणालं. मी नखं खाल्ली, पहिल्यांदा माझी, मग जवळजवळ ड्रायव्हरची. खाली उतरल्या तर संपलं. मी दारात जाऊन कान दिला. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द नाही, नुसते दोघींचे सूर, थांबत थांबत, आणि मग, खरं सांगतो, बाईंचं हसणं.

नववीत छत्री दिसली तेव्हा लोकांनी टोप्या उडवल्या.

शेवटची खिडकी, सोळावी, घंटेच्या खालची. बाई बाहेर वाकल्या. केस विसकटलेले, तोंड लालबुंद. त्यांनी दोन्ही हात वर केले. आधी तीन बोटं, मग पाच, मग दोन. खाली जो आवाज उठला त्याने वरची कबुतरं उडाली. डॉक्टर मला मिठी मारत होता, मी ड्रायव्हरला. भिंगरी मागून डोकावली आणि तिने एक कागद फडकवला. सही झालेली होती. इतक्या लांबून सही दिसत नाही म्हणा, पण कागद कसा फडकवलाय त्यावरून कळतं.

"माझ्या बायकोच्या फोटोचं काय?" डॉक्टर खालून ओरडला.

भिंगरीने तोंडाभोवती हात धरले. "वर या. इथवर तीनशे बावन्न. मग उतरताना पुढे मोजा. तुमच्या बायकोची, उतरताना पाचवी."

डॉक्टर हिशोब करत उभा राहिला, मग धावला. त्याच्यामागे एकोणीस डिसेंबरपासून एकतीसपर्यंतचे जेवढे होते तेवढे धावले. भलतीच माणसं निघाली डिसेंबरची.

मग बाईंची छत्री वरून माझ्याकडे वळली.

"मिशीवाले. तुम्हीही या. मोजत या. मोठ्याने."

काय करता? गेलो. पहिल्या शंभर ठीक होत्या. दीडशेला मी भिंतीला धरलं. दोनशेला मला कळलं की एवढी वर्षं मी लोकांना ज्या शिडीवर चढवत होतो ती केवढी आहे. आजूबाजूने डिसेंबरवाले खिदळत वर जात होते आणि कुणी ना कुणी पाठीवर थाप मारत होतं. "किती झाल्या काका?" "दोनशे चाळीस." "मोठ्याने म्हणा, वर बाई ऐकतायत."

तीनशेच्या जरा पुढे भिंगरीचा आवाज स्पष्ट यायला लागला. माईक नाही, घंटेखालच्या त्या गच्चीवर नुसती उभी राहून बोलत होती, आणि दोन्ही बसमधली माणसं दाटीवाटीने ऐकत होती.

"या मनोऱ्याबद्दल एक गोष्ट सांगतात की बांधणारा ज्योतिषी होता. तसा कुणी नव्हता. एक गाईड होता. नोकरीला लागून चौथाच दिवस, आणि एकाने विचारलं, पायऱ्या किती..."

म्हणजे बाईंनी वर चढता चढता तिला सगळं सांगितलं होतं. नवव्या खिडकीशी हसल्या त्या याच्यावर. लोक हसायला लागले. मी भिंतीला टेकून ऐकायला लागलो. पोरगी माझी नक्कल करत होती, छाती पुढे काढून, आवाज जड करून, आणि आईशप्पथ, माझ्यापेक्षा बरी करत होती. प्रत्येक शब्द खरा होता, तरी लोक पोट धरून हसत होते. मला हे कधी जमलं नाही. मला हसवायला खोटंच लागायचं.

मी धापा टाकत वर पोचलो. पूल, पिवळी इमारत, नदी, सगळं शहर पायाशी पसरलेलं होतं. बाई कठड्यावर बसून गुडघा चोळत होत्या.

"किती?" त्यांनी विचारलं.

"ते... मध्ये गोष्ट चालू होती, बाई. ऐकत थांबलो. राहिलं मोजायचं."

बाईंनी छत्रीने जिन्याकडे बोट दाखवलं.

"मामा, जा," भिंगरी म्हणाली. "मी गोष्ट थांबवते तोवर."

"थांबवू नकोस," मी म्हटलं, आणि खाली निघालो.